बिनखिडक्यांची चाळ

मित्रांनो, मी एक जुनी दुमजली चाळ आहे. पण मला भेटायला मागच्या दाराने येऊ नका, कारण मला मागचं दारच नाही. जिना नाही, खोल्या नाहीत. उंची वीतभर, जाडी बोटभर, असा माझा सगळा संसार. खेळातल्या रेल्वेच्या पाठीमागे रंगवलेल्या आकाशाला चिकटून उभं राहायचं आणि बघणाऱ्याला इथे मोठं गाव आहे असं भासवायचं, हे माझं काम. फसवण्यासाठीच माझा जन्म झाला म्हणा ना!

तो झाला पेणला, रामवाडीत, निलेशच्या घरी. निलेश मूळचा रोह्याचा. त्याचं लहानपण स्टेशनामागच्या एका चाळीत गेलं. ती चाळ पाडून बरीच वर्षं लोटली होती. तिचा साधा फोटोही कुणाकडे नव्हता आणि त्याचे आईवडीलही आता राहिले नव्हते. म्हणून निलेशने एका प्लायवूडवर रोह्याचं स्टेशन मांडायला घेतलं. रूळ टाकून झाले आणि त्यामागे उभी करायला त्याने मला बनवलं. फ्रिजचं खोकं कापून भिंत केली. खोक्याचा वरचा कागद ओला करून सोलला, तेव्हा आतल्या नागमोडी घड्या उघड्या पडल्या, तीच माझी कौलं. पन्हळीचा पाइप म्हणून झाडूचा हीर लावला. माझी कापलेली कड दिसू नये म्हणून तिथे काथ्याचं झाड उभं केलं. मग मला लांब धरून, एक डोळा मिटून तो बघत राहायचा. तेव्हा मी मनातल्या मनात फार भाव खायची.

रंगकाम त्याच्या बायकोचं, नम्रताचं. ती गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. अंग रंगलं, पितांबर झाला, दागिने झाले की सगळ्यात शेवटी डोळे, ही तिथली रीत. तिने मलाही त्याच रीतीने रंगवलं. भिंतीला फिकट पिवळा दिला, खाली ओल चढल्याचे डाग दिले, दारं काढली आणि खिडक्यांच्या जागा कोऱ्या सोडल्या.

खिडक्या म्हणजे काय गणपतीचे डोळे आहेत का, म्हणून निलेशने तिची चेष्टा केली. ती म्हणाली, घराचे डोळेच ते. सध्या कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. गणपती गेले की तुम्ही शेजारी बसून सांगा, तशा काढते. वरच्या मजल्यावरच्या डावीकडच्या खिडकीतून तो लहानपणी गाड्या बघायचा. ती कशी होती हे आता त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

गणपती यायच्या आधीच घात झाला. डोलवीच्या वाटेवर एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये निलेश कामाला होता. घामाने कामाच्या संरक्षक चष्म्यावर वाफ धरली, म्हणून त्याने तो जरा कपाळावर सरकवला. तेवढ्यात ग्राइंडरचं चाक फुटलं. त्याचे दोन्ही डोळे गेले.

तो घरी आला तो आमच्या फळीशेजारी खुर्ची टाकून बसला आणि बसूनच राहिला. रुळांवर गंज चढला. नम्रता कारखान्यात जायची, पण डोळ्यांपाशी ब्रश नेला की तिचा हात थरथरायचा. दोन मूर्तींची नजर फाकली. मग कारखान्याच्या मालकीण सगुणाताईंनी तिला पाट आणि उंदीर रंगवायला बसवलं. घरी ती हे काही बोलली नाही.

एका संध्याकाळी निलेशने विचारलं, "खिडक्या झाल्या काय गो?"

"झाल्या," नम्रता म्हणाली.

त्याने माझ्या भिंतीवरून बोटं फिरवली. चपट्या भिंतीवर रंग आहे की नाही, हे बोटांना कुठून कळणार? मी चपटी आहे याची मला त्या दिवशी पहिल्यांदा लाज वाटली. रंग कोणता दिलास, असं त्याने विचारलं. हिरवा, म्हणाली. मग रोजचंच झालं. तो विचारायचा आणि ती सांगायची की डावीकडच्या खिडकीत एक मुलगा उभा आहे, त्याने गज धरलेत, खाली गाडी आली आहे. तो मान हलवायचा. मी तिथे कोऱ्या जागा घेऊन उभी असायची.

पुढच्या वर्षी श्रावण लागला. आखणीला हात कमी पडतात, पुन्हा बसून बघ, असा सगुणाताईंचा निरोप आला. नम्रताने तो निलेशला सांगितला, आणि नाही म्हणून कळवणार आहे, माझा हात आता कामाचा राहिला नाही, हेही सांगून टाकलं.

निलेशने माझ्या भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाला, "ब्रश आण. ह्या चाळीच्या खिडक्या काढ."

नम्रताने चमकून माझ्या कोऱ्या जागांकडे पाहिलं.

"घरात वर्षभर रंगाचा वास नाय आला मला. आन त्या खिडक्या हिरव्या नव्हत्या, निळ्या होत्या."

"मंग बोललात का नाय?"

"तू एवढं रंगवून सांगायचीस. मला वाटलं, तोंडानं तरी हिची आखणी चालू हाय."

ती रडली. मग उठली आणि तिने निळा रंग कालवला. तो सांगत गेला, ती काढत गेली. डावीकडची खिडकी शेवटी घेतली आणि तिथेच तिचा हात थरथरला.

"आता खरं सांग, कशी झाली?" त्याने विचारलं.

"वाकडी," ती म्हणाली.

त्याने ओल्या रंगावर बोट टेकवलं, वास घेतला आणि तो पहिल्यांदा रडला. नम्रताने सगुणाताईंना नाही म्हणूनच कळवलं. आखणी तिने परत केली नाही.

मित्रांनो, ती वाकडी खिडकी आणि तिच्यावरचा बोटाचा ठसा अजून माझ्या अंगावर आहे. समोरून गाडी जात नाही, फळीवर धूळ बसते. रुसवा नाही माझा. मागणं एवढंच आहे, की ज्याला दिसत नाही त्याला हिरवं गोड सांगू नका, वाकडं असेल तर वाकडंच सांगा. आणि कामाला बसलात की चष्मा डोळ्यांवरच असू द्या, कपाळावर नको. खिडक्या काय, वर्षभराने का होईना, मागाहून काढता येतात.