माफीचा कागद

कोर्टाच्या आवारात आंब्याखालच्या बाकावरून मी सकाळपासून चारदा उठले आणि चारदा बसले. माझ्या गोमेसीच्या, म्हणजे सणासुदीच्या पायघोळ झग्याच्या पट्ट्यात, कमरेशी, घडी केलेला एक कागद खोचलेला होता. तो काही केल्या मला स्वस्थ बसू देईना.

"आत्या, बस की गं एका जागी," रोविना म्हणाली. "तुझ्याकडे बघून मलाच गरगरतंय."

रोविना माझ्या मेलेल्या भावाची मुलगी. तिला डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून मी तिच्या उजव्या अंगाला बसले होते. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या नवऱ्याने, लुतालोने, तो कान फोडला. तेव्हा ती माझ्याकडे आली नाही. सरळ नालोंगोच्या दारात जाऊन पडली.

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई. नाव गावाने दिलंय, तोरा तिचा स्वतःचा. कुठल्याशा संस्थेत आठ दिवस कायदा शिकून आली आणि तेव्हापासून मार खाल्लेल्या बायांना घेऊन पोलिसात, दवाखान्यात, कोर्टात हिंडते. कुणाच्या घरातून ओरडणं ऐकू आलं की शेजारच्या चार बायांनी मीठ नाहीतर निखारा मागत आत शिरायचं, असा तिने गावात नियमच केलाय. पुरुष तिला शिव्या घालतात. खरं सांगायचं तर मीही घालायचे. पोरीला वळण लावायचं काम आत्याचं, म्हणजे सेंगाचं, हिने मध्ये नाक का खुपसावं?

"नीट ऐका," नालोंगो म्हणाली. "गावच्या चेअरमनने लिहून दिलंय की हे पहिलंच भांडण आहे, दारूच्या भरात झालं. न्यायाधीश मॅडमनी ते खरं धरलं तर म्हणतील, जा, घरच्या घरी मिटवा. मग हिला त्याच घरात जावं लागेल. आधीही मारलं होतं हे दिसलं, तर संरक्षणाचा आदेश मिळेल. मग तो जवळ फिरकला तरी पोलीस उचलतील." तिने माझ्याकडे बघितलं. "सेंगा, मागच्या आठवड्यात विचारलं होतं. तुमच्याकडे खरंच काही नाही?"

"नाही म्हटलं ना एकदा!"

मी पुन्हा उठले.

फाटकाशी लुतालोचा काका उभा होता. काखेत समेटाचा कोंबडा, मागे सासरची गाडी. गाडीचं दार त्याने उघडंच ठेवलं होतं. मला बघून लगबगीने पुढे आला.

"या, सेंगा या! एवढं कोर्टापर्यंत कशाला ताणायचं? दोनदा तुम्हीच मिटवलंत. तिसऱ्यांदा काय जड आहे?"

"हळू बोला."

"हळू कशाला? चांगलंच केलंत की! त्या मीठमागीच्या नादाला लागू नका. आमची सून आम्हाला द्या, हा कोंबडा घ्या आणि जेवायला या."

मी मागे वळले तर नालोंगो तिथेच. तिने सगळं ऐकलं होतं. "दोनदा काय मिटवलं?" तिने विचारलं. तेवढ्यात आतून रोविनाच्या नावाचा पुकारा झाला.

न्यायाधीश मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. मी सवयीने गुडघे टेकायला गेले. "उठा आजी, इथे बसा," त्या म्हणाल्या. लुतालो पांढरा स्वच्छ पायघोळ कान्झू घालून आला होता आणि असा मऊ बोलत होता की लोणी लाजावं. चूक झाली, एकदाच झाली, बायकोवर जीव आहे. चेअरमनने आपला कागद वाचून दाखवला. मॅडम रोविनाकडे वळल्या.

"याच्याआधी कधी मारलं होतं?"

"दोनदा."

"कुणाला सांगितलं?"

रोविनाने मान खाली घातली.

"सांगितलंच नाही?"

ती खाली बघत राहिली. लग्नाआधी महिनाभर तिला मीच समोर बसवून शिकवलं होतं, घरातलं बाहेर न्यायचं नाही, जिवावर बेतलं तरी माणसांची नावं चावडीवर घ्यायची नाहीत. आता जिवावरच बेतलं होतं आणि पोरगी माझं नाव घेत नव्हती. मला वाचवत होती. मॅडमनी लेखणी उचलली. माझ्याने बघवेना.

मी उभी राहिले. पट्ट्यातून कागद काढला. नालोंगोने तो माझ्या हातून घेऊन पुढे दिला.

लुतालोच्याच हातचा कागद तो. दोन वर्षांपूर्वी लिहिलेला. "मी बायकोची बरगडी मोडली, पुन्हा हात उचलणार नाही." खाली त्याची सही. त्याखाली वर्षभराने घातलेली दुसरी ओळ, पुन्हा तसंच, पुन्हा सही. आणि दोन्हीकडे साक्षीदार म्हणून एकच अंगठा.

"हा अंगठा कुणाचा?" मॅडमनी विचारलं.

"माझा."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग काय केलंत?"

"परत पाठवली. दोन्ही वेळा. त्यांचा कोंबडा घेतला, शिजवला, हिला वाढला आणि परत पाठवली."

चेअरमन स्वतःचा कागद घडी करायला लागला. लुतालो माझ्याकडे असा बघत होता की काल तसं बघितलं असतं तर मी घाबरले असते. मला लाज वाटत होती, इतकी की भीतीला जागाच उरली नव्हती.

आदेश मिळाला. मॅडम सांगत होत्या आणि कारकून लिहून घेत होता. मारायचं नाही, धमकवायचं नाही, निरोप धाडायचे नाहीत, काकाने नाही की आणखी कुणी नाही. नालोंगोने डोळे पुसले आणि चक्क मला मिठी मारली. माझा जीव भांड्यात पडला. घरची मागची खोली मी कालच झाडून घेतली होती, नवी चटई अंथरली होती. आता पोरीला घेऊन जायचं, तिच्या उजव्या कानाशी बसून सगळं बोलायचं, माफी मागायची.

"कोणत्या घराजवळ त्याने यायचं नाही?" कारकुनाने विचारलं. "सेंगांचं घर लिहू ना?"

"नालोंगोंचं लिहा," रोविना म्हणाली.

"ते लिहितोच. पण आत्याचंही लिहून ठेवतो."

"नको," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तिथे येऊ दे त्याला. मी तिथे नसेन."