प्रेसला लावलेला भंडार

भीमसेनरावांचं म्हणणं असं की परसू स्वतःच्या चुकीने मेला. हे ते इतक्या हळुवारपणे सांगत की ऐकणाऱ्याला परसूच्या वतीने त्यांची माफी मागावीशी वाटे.

पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्यात पत्र्याचे भाग दाबून काढणारी एक मोठी प्रेस होती. एक भाग आत अडकला, तो काढायला परसू वाकला आणि प्रेस खाली आली. अशा मशीनला पुढे जाळीचं दार असतं. दार उघडं असलं की मशीन चालत नाही. दार होतं, पण परसूनेच ते सोडवून बाजूला ठेवलं होतं, असं भीमसेनराव म्हणत. परसूची बायको महानंदा म्हणे, दार कधी नव्हतंच, नवरा रोज जेवताना तेच बोलायचा. पोलिसांच्या पंचनाम्यात मशीन होतं, चपला होत्या, जेवणाचा डबासुद्धा होता. जाळी नव्हती. पण जी वस्तू जागेवर नाही ती ‘नाही’ म्हणून लिहायची पंचनाम्यात पद्धत नसते. तसं केलं तर हत्ती, आगबोट, सगळंच लिहावं लागेल.

म्हणून महानंदा सासूला घेऊन मल्लेश्वरमला वकीलबाईंकडे गेली. वकीलबाई म्हणजे सुखदा. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे पुण्याहून आलेली. तिचं कन्नड रिक्षावाल्यांकडून शिकलेलं असल्यामुळे त्यात भांडण उत्तम जमे, बाकी विषय जरा कमी.

“भरपाई मिळणारच,” सुखदा म्हणाली. “माणूस गेला असेल तर ‘त्यानेच सेफ्टी काढली होती’ हा बचाव मालकाला त्या दाव्यात चालत नाही. आणि ते पैसे कोर्टात भरावे लागतात. घरी पाकीट घेऊन कोणी आलं तर चहा द्या, पाकीट परत द्या.”

“आणि पोलिसातलं?”

“ते वेगळं. निष्काळजीपणामुळे मृत्यू. ती केस जाळीवर अडलीय. पुढच्या आठवड्यात कारखाना निरीक्षक येतील. जाळी होती असं त्यांच्या रिपोर्टमध्ये आलं, की ऑनेस्टली, ती केस उभीच राहणार नाही.”

महानंदाने पदर बोटाभोवती गुंडाळला, सोडला. “म्हणजे पैसे मिळतील, आणि चूक ह्यांची होती असं लिहून पण ठेवतील.”

“हो.”

“माझा मल्हार उद्या मोठा होऊन तेच वाचंल की. बाप आपल्याच हातानं मेला म्हणून. ह्याच्यावर कायदा न्हाई काय?”

“कायदा आहे हो. साक्षीदार नाही.”

तेही खरंच होतं. कारखान्यातल्या सगळ्यांना जाळीबद्दल ठाऊक होतं आणि सगळ्यांना नोकरी होती. फोन फाटकावर जमा करायचा नियम असल्याने कोणाकडे फोटोही नव्हता.

यल्लव्वा, परसूची आई, इतका वेळ पंख्याकडे बघत होती. ती एकदम म्हणाली, “मी प्रेसला भंडार लावून आलोय.”

“काय लावून?”

महानंदाने खाली बघत सांगितलं. परसू गेल्यावर त्या प्रेसला हात लावायला एकही माणूस तयार होईना. त्याच्या आईनं येऊन शांत केल्याशिवाय मशीन चालवणार नाही, म्हणाले सगळे. तेव्हा सुतक फिटल्यावर भीमसेनरावांनी स्वतःची गाडी चामराजपेटला परसूच्या घरी पाठवली. यल्लव्वाने तेलात कालवलेल्या हळदीत, म्हणजे यल्लम्मा देवीच्या भंडारात, तळवा बुडवला आणि लेक जिथे वाकला होता तिथल्या खांबावर उमटवला. भीमसेनराव मूळचे धारवाडकडचे, दरवर्षी यल्लम्माच्या डोंगराला जाणारे. त्यांनी हात जोडले. दुसऱ्या दिवशी प्रेस सुरू.

सुखदाने पेन खाली ठेवलं. “समोरच्या पार्टीच्या गाडीतून गेलात? महानंदाताई! उद्या ते म्हणतील, घरच्यांनी सगळं मिटवलं, पूजासुद्धा घातली. निरीक्षकांसमोर यातलं अवाक्षर काढायचं नाही. दोघींनीही. प्रॉमिस?”

“सरी, बरं,” महानंदा म्हणाली. यल्लव्वाने पुन्हा पंख्याकडे बघितलं.

निरीक्षक आले त्या दिवशी प्रेसला जाळी होती.

नुसती जाळी नव्हे. दोन्ही खांब झाकणारे पत्रे, त्यांच्यामध्ये जाळीचं दार. सगळं जुनं दिसत होतं, धुळकटलेलंही होतं. फक्त धूळ इतकी एकसारखी होती की ती बसलेली नसून बसवलेली असावी. निरीक्षकांनी दार उघडलं, प्रेस थांबली. लावलं, प्रेस चालली. पुन्हा उघडलं, पुन्हा थांबली. यंत्रांनाही पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागता येतं.

“हे नंतर बसवलंय,” सुखदा तिच्या रिक्षाच्या कन्नडमध्ये म्हणाली.

“पहिल्यापासूनचं आहे म्याडम,” मॅनेजर योगीराज म्हणाला. तो कोणाकडेच बघत नव्हता, जाळीकडे तर अजिबात नाही.

निरीक्षकांनी पॅड मांडीवर घेतलं. “पुरावा आहे का काही?”

सुखदाने कामगारांकडे बघितलं. कामगार आपापल्या मशीनपाशी उभे होते, कान इकडे लावून. निरीक्षकांचं पेन चालू लागलं. महानंदाला कन्नड वाचता येत होतं. ‘संरक्षक दार’ इथपर्यंत तिने उलट्या बाजूने वाचलं. आता पुढचा शब्द.

पण भीमसेनरावांना गप्प बसवेना. जिंकत आलेल्या माणसाला कौतुकाची भूक लागते.

“साहेब, कायदा आपल्या जागी,” ते म्हणाले, “पण मी माणुसकी सोडली नाही. ह्या अक्कांनाच विचारा. सुतक फिटलं तशी गाडी पाठवली. आईच्या हातानं यल्लम्माचा भंडार लावून घेतला प्रेसला, तेव्हा कुठं मशीन चालू केलं. मी स्वतः इथं उभा होतो, चप्पल काढून. हो का नाही अक्का?”

“हो की,” महानंदा म्हणाली.

सुखदाने तिचा दंड दाबला. महानंदाने खांबाकडे बघितलं. तिथे करडा पत्रा होता. बोलले आणि हात पुसून टाकलेला असला तर? मग हातही गेला, केसही गेली, वर वकीलबाईंना दिलेला शब्दही गेला. आणि नाही बोलले तर पुढचा शब्द कागदावर उतरणार.

“अण्णा,” ती सासूकडे बोट दाखवत म्हणाली, “मग अत्तींचा हात कुठं गेला?”

“कुठला हात?”

“तुम्ही आत्ता सांगितला तो. खांबावर होता. तिथं पत्रा हाय.”

भीमसेनरावांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला मालक निघून गेला. “ते... आता साफसफाईत—”

“पुसला?” यल्लव्वाने विचारलं.

आवाज मोठा नव्हता. पण मागच्या बाजूचं एक मशीन बंद झालं. मग दुसरं. कामगार एकेक करत जवळ आले, आणि एकाने विचारलं, “अण्णा, आईचा भंडार पुसला?”

पुसला म्हणावं तर उद्यापासून ह्या छपराखाली एक मशीन चालणार नाही, आणि डोंगराची पायरी कोणत्या तोंडानं चढायची? नाही पुसला म्हणावं तर तो आहे कुठे? भीमसेनरावांनी योगीराजकडे बघितलं. योगीराजने फरशीकडे.

“पुसला नाही,” भीमसेनराव अखेर म्हणाले. देवीला एक उत्तर देता येतं, निरीक्षकाला दुसरं. दोघं एकदम समोर असले की पंचाईत.

“सरी,” निरीक्षक म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “पत्रा काढा.”

“साहेब, आत्ता प्रॉडक्शन—”

“काढा म्हटलं.”

पाना योगीराजच्या हातात दोनदा घसरला. तिसऱ्या बोल्टाला महानंदाने डोळे मिटले. हळद घासून काढली असेल. तेलावर रंग मारला असेल. शेवटचा बोल्ट खाली पडून घरंगळत गेला. मग पत्रा फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला, म्हणून तिला डोळे उघडावे लागले.

हात होता. पाची बोटं, करंगळी थोडी फाकलेली, यल्लव्वाची फाकते तशी. पिवळा रंग तेलाने गडद झाला होता. आणि तळव्याच्या बरोबर मध्यावर बोल्टाचं भोक होतं. कडेने हळद उडून आतलं लोखंड नव्या नाण्यासारखं चमकत होतं.

घोळक्यातून कोणीतरी ‘यव्वा’ म्हणालं. भीमसेनरावांचे हात आपोआप जोडले गेले होते. सवय ती सवय.

“पुसायला सांगितलं होतं मला,” योगीराज खांबाशी बोलावं तसं बोलू लागला. “कोणी पुसेना. मला पण धीर होईना. म्हटलं, झाकू. पत्रा लावून वरून भोकं पाडली साहेब. खाली कुठं पडतंय ते दिसलं नाही. देवीशप्पथ दिसलं नाही.”

“कधी पाडली?”

“तुम्ही येणार म्हणून कळलं तेव्हा.”

“आणि त्याच्या आधी इथे काय होतं?”

योगीराज मालकाकडे बघणार होता, पण मध्ये यल्लव्वा उभी होती. “काही नव्हतं,” तो म्हणाला.

सुखदाला ओरडावंसं वाटत होतं, पण तिने फक्त फोन काढून फोटो घ्यायला सुरुवात केली. यल्लव्वा पुढे झाली आणि तिने तळवा उचलला, खांबावर ठेवायला.

“आजी, नको!” सुखदाने तिचं मनगट धरलं. “हात नका लावू. आता तो पुरावा आहे.”

“माझाच हाय की तो,” यल्लव्वा म्हणाली.

निरीक्षकांनी आधीची ओळ खोडली. मग बराच वेळ लिहीत राहिले. महानंदा त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. ह्या वेळी तिने उलट्या बाजूने वाचलं नाही.

“काय लिहिलं साहेब?”

“अपघाताच्या वेळी संरक्षक दार नव्हतं.”

“स्वल्प, जरा परत वाचा,” ती म्हणाली.

त्यांनी परत वाचलं.