उघड्या बाटलीपुढे

बाईंनी बाटलीचं झाकण उघडलं, ते करंगळीत धरलं आणि मास्कच्या आतूनच म्हणाल्या, "झाकण टेबलावर ठेवायचं नाही. कधीच नाही."

काचेच्या कपाटात हात घालून त्या पेशींचं गुलाबी द्रावण बदलत होत्या. परीक्षा त्यांचीच होती. कारखान्यातल्या कायमच्या नोकरीसाठी, आणि परीक्षक म्हणून शेजारी उभा होता त्यांचाच जुना विद्यार्थी. त्याच्या घाईपायी वर्गात बाई त्याला एक्स्प्रेस म्हणायच्या.

"द्रावण कडेने सोडायचं. पेशींच्या डोक्यावर नाही," बाई म्हणाल्या.

एक्स्प्रेसने मान वर केली, पुन्हा खाली घातली.

औषधाच्या कारखान्यांना शिकलेली माणसं मिळेनात, म्हणून त्यांनी कॉलेजांना हाताशी धरून प्रशिक्षण केंद्र काढलं. तेव्हापासून बाई तिथे शिकवत होत्या. बॅच बदलायची, पण तीच थरथर, तीच सांडलवंड. तयार झालेली पोरं कारखान्यात कायम व्हायची. बाईंचा करार मात्र दर वर्षी नव्याने. घसा कायम बसलेला आणि जीव अगदी विटून गेलेला. दिवसभर चकार शब्द न काढता काम करायचं, एवढं एकच सुख त्यांना हवं होतं.

"तू आणि गप्प?" नवरा सकाळीच हसला होता. "बघू या."

शेवटचं झाकण लावलं आणि मग बाईंच्या लक्षात आलं. उघड्या बाटलीपुढे बोलायचं नसतं, मास्क असला तरी नाही; तोंडातले जंतू पेशींत जातात. पहिल्या तासाला त्या हेच फळ्यावर लिहायच्या, आणि मग महिनोन् महिने उघड्या बाटलीपुढे बोलूनच शिकवायच्या.

बाहेर येऊन त्यांनी हातमोजे काढले.

"गेली ना नोकरी?"

"बोललं की नापास. नियम आहे, बाई."

"परीक्षकाला एकदा टोकता येतं. तोही नियमच आहे. का नाही टोकलंस?"

त्याने मास्कची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"धाकटी बहीण येतेय सोमवारपासून तुमच्याकडे. तुम्ही इकडे आलात तर तिथे शिकवणार कोण? तुमच्यामुळे मी माणसात आलो, बाई. तिचंही भलं व्हावं, एवढंच."

बाईंना सणसणीत राग आला. याच्या कानाखाली एक द्यावी असं वाटलं. पण राग धरायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते उरलं नव्हतं.

"पाठव," त्या म्हणाल्या. "चांगली तयार करते. इतकी, की पुढच्या वर्षी तिथे तीच शिकवेल. मग मी येते इथे."

"ती? तिथे? दर वर्षीच्या करारावर?" एक्स्प्रेस पटकन बोलून गेला.

बाईंनी पर्स खांद्याला लावली आणि बंद दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. दार त्याच्या कार्डानेच उघडत होतं.