सुईआधीचं तेल

हिल्डाला तो डॉक्टर पहिल्या भेटीपासूनच आवडला नव्हता. इतकं गोड बोलणारा माणूस धड असेल कसा? तिच्या नवऱ्याला, एरॉलला, स्वादुपिंडाचा कॅन्सर होता आणि दुखणं आता गोळ्यांना जुमानत नव्हतं. बिचारा गुडघे पोटाशी घेऊन कण्हत पडायचा. डॉक्टर म्हणाला, पाठीतून लांब सुई घालून पोटामागच्या नसांपाशी औषध सोडू, म्हणजे कळ बरीच कमी होईल. कॅन्सर मात्र बरा होणार नाही.

"मग सुई कशाला?" हिल्डाने विचारलं.

"मम्मी, निदान डॅडींना झोप तरी लागेल," मुलगा क्लेटन म्हणाला.

झोप! हिल्डाच्या डोक्यात संशयाचा किडा शिरला तो तिथेच. एरवी विरारहून सणासुदीला तोंड दाखवणारा हा पोरगा अचानक रजा टाकून येतो काय, दाराबाहेर डॉक्टरशी कुजबुजतो काय!

सुईच्या दिवशी ती माणिकपूरच्या हॉस्पिटलात पोचली, तर खोलीत फादर एरॉलच्या कपाळाला पवित्र तेल लावत होते आणि क्लेटन उशाशी उभा होता. हिल्डाच्या पायाखालची जमीनच सरकली. तिच्या वडिलांना तेल लागलं ते जाण्याच्या दिवशी, सासूलाही तसंच. आता गंभीर आजारात ऑपरेशनआधीही लावतात, पण ते हिल्डाच्या गावीही नव्हतं.

फादर बाहेर पडताच ती दार अडवून उभी राहिली.

"संपवायला निघालात ना ह्यांना? म्हणून आधी तेल! मी काय दूधखुळी आहे? हात तर लावून दाखव, क्लेटन!"

क्लेटन पांढराफटक पडला. स्ट्रेचरवाला बाहेरच ताटकळला.

"फादरना मी बोलावलं," एरॉल कसाबसा म्हणाला. "पापनिवेदन करायचं होतं."

"अंथरुणात पडून कसलं पाप केलंत तुम्ही?"

"तू रोज रोझरी म्हणतेस, मी बरा व्हावा म्हणून. आणि मी शेजारी पडून मरण मागतो. ते मागणं थांबवायचंय गं मला. घेऊ दे सुई."

हिल्डा दारातून बाजूला झाली.

दुपारी एरॉलला परत आणलं. उताणा, पाय लांब सोडलेले, हालचाल नाही. हिल्डा पलंगाकडे धावली. केलाच ना घात! तिने त्याच्या नाकाखाली बोट धरलं.

"आहे गं अजून," डोळे न उघडताच तो म्हणाला. "झोपू दे."

हिल्डाला असं रडू कोसळलं, की क्लेटनलाच तिला धरून बाहेर न्यावं लागलं.