कडू बॉम्बोची माळ

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी कडू आहे. पान चुरगळलं तर वासही उग्र. कारल्याची मी रानातली बहीण; इकडे बुगांडा राज्यात मला बॉम्बो म्हणतात. लुताया नावाच्या शेतकऱ्याच्या केळीबागेच्या कुंपणावर मी वर्षानुवर्षं पसरले होते. कुणी पाणी घातलं नाही. मी मागितलंही नाही.

तांबडे भुंगेरे यायचे आणि माझ्या पानांची चाळण करून जायचे. मी सोसत असे. देवानं त्यांच्या पोटाची सोय माझ्यावर सोपवली होती.

एकदा लुतायाला भोपळ्याच्या वेलावर दोन-चार भुंगेरे दिसले. "ही घाणच त्यांना बोलावते!" म्हणत त्यानं कोयता उचलला.

"कुंपणाला बॉम्बो असू दे रे," त्याची आई नाम्बोझे म्हणाली. "घरात सून पोटुशी आहे."

"मग काय, तिला याची भाजी घालू?"

त्यानं मला खणून जाळलं. उपाशी भुंगेरे जाणार कुठे? त्यांनी भोपळ्याचा सगळा वेल फस्त केला.

पुढे त्या सुनेला, लुतायाच्या बायकोला, जुळ्या मुली झाल्या. इथे जुळ्यांच्या आईबापांच्या गळ्यात माझी माळ लागते. त्याशिवाय बाळं मानानं अंगणात आणत नाहीत. पाहुणे जमले, ढोल आले, आणि माळच नाही. सून दाराआड रडू लागली.

"काय सालोंगो," म्हातारा शेजारी जुळ्यांच्या बापाचा मान देत हसला, "भोपळ्याचा देठ घाल की गळ्यात! का तोही भुंगेऱ्यांनी नेला?"

लुताया धावत सुटला. वारुळाआड माझी एक फांदी मूळ धरून लपली होती. घाईत त्यानं ती ओढलीच.

"मुळासकट?" नाम्बोझेनं कपाळावर हात मारला. "बॉम्बो तोडायची असते, मेल्या, उपटायची नसते! या पोरींना उद्या जुळी झाली तर गळ्यात काय दोरी घालायची?"

पण ढोल सुरू झाले होते. सुनेनं मला गळ्यात घालून बाळं अंगणात आणली. त्या दिवशी मला कुणी घाण म्हटलं नाही. नाच संपल्यावर माळ केळीखाली पडली.

तिथेच मी वाळते आहे. मित्रांनो, हवं ते तोडून न्या, पण मूळ तेवढं राहू द्या. कुंपण आता स्वच्छ आहे. नाम्बोझे रोज तिथे जाऊन माझ्या कोंबासाठी माती चाचपते आणि रिकाम्या हातानं परतते. भुंगेरे मात्र मला शोधत येतात, वाळक्या पानावर क्षणभर बसतात आणि उपाशीच उडून जातात.