अंडीखाऊ जोडपं

इमारतीतले लोक त्यांना पीएचसाहेब म्हणत, तेही तोंडावर, आणि साहेबांना तो मान वाटे. पीएच म्हणजे पाण्यातलं आम्ल मोजायचा आकडा. लिफ्टमध्ये कुणी साधं "कसं काय?" विचारलं तरी साहेब आपल्या टाक्यांमधला त्या सकाळचा आकडा सांगत, आणि विचारणारा बिचारा आपला मजला येईपर्यंत मान डोलवत राही. साहेबांची उभी नोकरी बिस्किटांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासण्यात गेली होती. बिस्किटाला केसाएवढी चीर दिसली की अख्खा घाणा परत पाठवणारे ते गृहस्थ. असा माणूस निवृत्त होऊन दिवसभर घरात बसला असता तर काकूंचं काय झालं असतं, कल्पना करवत नाही. पण साहेबांना डिस्कस मासे भेटले आणि काकू वाचल्या. निदान सुरुवातीला तरी काकूंना तसं वाटलं.

डिस्कस हा ताटलीसारखा गोल आणि चपटा मासा. दिसायला राजबिंडा आणि तब्येतीने भारी नाजूक. पाणी जरा गार झालं की आजारी, जरा शिळं झालं की आजारी, कुणी दार आपटलं तर रुसून कोपऱ्यात. असला मासा नुसता पाळणंही अवघड, आणि साहेबांना त्याची पैदास करायची होती.

लेक नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली आणि तिच्या खोलीत भिंतीला भिंत लावून काचेच्या टाक्या उभ्या राहिल्या. तिच्या पलंगाचं काय झालं हे विचारायची सोय नव्हती, कारण टाक्यांखालचा सांगाडा त्याच पलंगाच्या लाकडाचा होता. न्हाणीघरात एक निळा पिंप आला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून पाणी त्यात साठवायचं, त्यात बुडबुडे सोडायचे, आणि मग ते मत्स्यमंडळींच्या सेवेला रुजू करायचं. काकू नळाच्या कच्च्या पाण्याने, पिंपाच्या आड उभ्या राहून आंघोळ करत. त्यांना कल्ले नव्हते, हा त्यांचा दोष.

मध्ये एकदा लेक दोन दिवस राहायला आली. आपल्याच खोलीच्या दाराशी तिला वडिलांनी अडवलं.

"कोपरापर्यंत हात धू. साबण नको. आणि ते अत्तर लावलं असशील तर लांबूनच बघ."

"बाबा, मी तुमची मुलगी आहे."

"म्हणून तर सोडतोय. नवा मासा असता तर सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवला असता. नवीन माशाच्या अंगावरून काय येईल सांगता येत नाही."

लेक हॉलमधल्या सोफ्यावर झोपली आणि दुसऱ्याच दिवशी, काहीतरी काम निघालं म्हणून, परत गेली.

साहेबांची सगळी भिस्त एका जोडप्यावर होती. निळसर पट्ट्यांची मादी आणि तिच्याहून थोराड नर. टाकीतल्या मातीच्या सुळक्यावर मादी ओळीने अंडी चिकटवी, नर तिच्या मागोमाग फिरे, मग दोघं आळीपाळीने परांनी वारा घालत. साहेब स्टुलावर बसून डोळे भरून बघत. आणि सकाळी उठून बघावं तर सुळका धुतल्यासारखा स्वच्छ. आईबापांनी मिळून अंडी फस्त केलेली असत, आणि नाश्त्याला आणखी काय आहे या चेहऱ्याने दोघं काचेशी उभी.

साहेबांनी उपाय करायचे बाकी ठेवले नाहीत. पाणी मऊ केलं, दिवा मंद केला, काचेला काळा कागद लावला. आवाजाने मासे बिथरतात म्हणून हॉलमधला टीव्ही मुका झाला, आणि काकू मालिकांमधली भांडणं नुसत्या हातवाऱ्यांवरून ओळखायला शिकल्या. जोडप्याने मात्र आपला शिरस्ता मोडला नाही. अंडी घालायची आणि खायची.

शेवटी साहेबांनी निकाल दिला. "पोटच्या अंड्यांवर ताव मारणाऱ्यांना या खोलीत जागा नाही."

नव्या किंवा आजारी माशासाठी त्यांच्याकडे एक वेगळी छोटी टाकी होती. जोडप्याची रवानगी तिच्यात झाली, आणि टाकीची रवानगी स्वयंपाकघरात, कारण मोकळा प्लग तिथेच होता. काकू सहजासहजी कबूल झाल्या नाहीत. साहेब माशांच्या खाण्यासाठी काळीज आणि कोळंबी काकूंच्या मिक्सरमध्ये वाटत, यावरून घरात कितीतरी महिने शीतयुद्ध चालू होतं. तहाच्या वाटाघाटी झाल्या. साहेबांनी मिक्सरवरचा हक्क सोडला, काकूंनी ओट्याचा कोपरा सोडला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत डिस्कसप्रेमींच्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. रविवारी टाक्या बघायला येतो म्हणाले. साहेबांनी मोठ्या टाकीपुढे उभं राहून तिच्याकडे अध्यक्षांच्या नजरेने पाहिलं आणि त्यांना ती एकदम फिकी वाटली. सगळे मासे निरोगी, पण डोळ्यात भरेल असा एकही नाही.

ते तडक माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण तो विकण्याआधी व्याख्यान देई. प्रोफेसरने त्यांना एक लालभडक डिस्कस दाखवला. इतका लाल की बाकीचे मासे त्याच्यापुढे धुवट वाटावेत.

"पण वेगळा ठेवावा लागेल," साहेब म्हणाले. "सहा आठवडे."

"साहेब, नियम नवशिक्यांना," प्रोफेसर म्हणाला. "तुमच्यासारख्या माणसाला मी नियम सांगू? तरी सांगतो, माझ्याकडे दोन महिने वेगळाच होता."

दुकानातल्या सगळ्या टाक्यांचं पाणी एकाच जाड पाइपातून एकाच फिल्टरकडे जात होतं. म्हणजे वेगळं असं तिथे कुणीच नव्हतं. केसाएवढी चीर पकडणाऱ्या साहेबांना मनगटाएवढा पाइप दिसला. पण 'तुमच्यासारखा माणूस' हे शब्द कानात असे घोळत होते की नजरेने जास्त चौकशी केली नाही.

घरी काकूंनी पिशवीतला मासा पाहिला. "याला वेगळ्या टाकीत ठेवत नाहीत का?"

"ती टाकी तू अडवून बसलीस ना."

"मी? मी कधी अंडी खाल्ली?"

लाल मासा थेट मोठ्या टाकीत गेला. रविवारी अध्यक्ष आले, "अहाहा" म्हणाले, चहाबरोबर बिस्किटं खाल्ली आणि मंडळाच्या पुढच्या सभेत पाण्याच्या शुद्धतेवर बोलायचं आमंत्रण देऊन गेले.

मंगळवारी मासे काळे पडू लागले.

आधी एक, मग तीन, मग, जाळी आणि पाइप सगळ्या मोठ्या टाक्यांना एकच असल्यामुळे, सगळेच. पर मिटून, डोकी कोपऱ्यात खुपसून, एकमेकांना चिकटून उभे. अंगावर पांढुरका बुळबुळीत थर साचला, पाण्यात त्याचे धागे तरंगायला लागले, आणि त्या वासाने लेकीच्या खोलीपासून हॉलपर्यंतची हवा आंबली. फक्त लाल मासा मजेत होता. तो टाकीभर हिंडत होता आणि सगळ्यांच्या वाटचं खात होता.

साहेबांनी तपास सुरू केला. नळाला क्लोरीन जास्त सोडतात म्हणून नळपाणी कचेरीत भांडून आले. खालच्या मजल्यावरच्या रंगकामाला दोष दिला. काकूंच्या तळणीच्या धुराला दिला. लेकीला फोन करून, त्या दिवशी आलीस तेव्हा हाताला क्रीम लावलं होतंस का, असंही विचारून झालं. लेकीने फोन ठेवून दिला.

"अहो, तो लाल आल्यापासून झालंय हे," काकू म्हणाल्या.

"तो ठणठणीत आहे. आजारी असता तर आधी तो मेला असता."

पण हे म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. काही मासे रोग सोसून बसलेले असतात, स्वतःला काही होत नाही आणि दुसऱ्यांना देत फिरतात, हे त्यांनीच मंडळात दोनदा सांगितलं होतं. त्यांनी प्रोफेसरला फोन लावला.

"माझा मासा कसा आहे?" प्रोफेसरने विचारलं.

"तो बरा आहे. बाकीचे जातायत."

"मग झालं तर. माझा माल चांगला आहे. तुमच्या पाण्यात दोष असणार, साहेब. जरा पीएच बघा."

आयुष्यात पहिल्यांदाच साहेबांना तो शब्द शिवीसारखा लागला.

ते दिवसदिवस बादल्या वाहत राहिले. निम्मं पाणी काढायचं, निम्मं भरायचं, उष्णता वाढवायची, मीठ घालायचं, औषध घालायचं. औषधाने बोटं पिवळी पडली. मासे एकेक करून आडवे होत गेले. कचऱ्यात टाकवेना म्हणून साहेब ते काकूंच्या गॅलरीतल्या कुंड्यांमध्ये पुरत, आणि काकू, ज्यांनी त्या कुंड्यांना कधी कुणाला हात लावू दिला नव्हता, मुकाट्याने खुरपं आणून देत. एका दुपारी त्यांनी बघितलं तर साहेब रिकाम्या टाकीसमोर पालथ्या बादलीवर बसले होते आणि त्यांचा चष्मा हातात होता.

"जेवून घ्या," काकू म्हणाल्या.

"मीच आणलं गं ते घरात."

"हो," काकू म्हणाल्या. खोटं सांत्वन करायची त्यांना सवय नव्हती. "चला, गार होतंय."

एक गोष्ट मात्र काकूंनी, मासे काळे पडले त्या दिवशीच बजावली होती. "त्या घाण हातांनी माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. तुमचा पाइप नको, जाळी नको, बादली नको." यात माशांचा विचार बिलकूल नव्हता. त्यांना औषधाच्या वासाने मळमळत होतं, एवढंच. त्यामुळे अंडीखाऊ जोडप्याची देखभाल काकूंच्या गळ्यात पडली. त्या आठवण झाली की चिमूटभर खाणं टाकत, आणि प्यायच्या घागरीतलं उरलेलं शिळं पाणी तांब्याने टाकीत ओतत. पीएच त्यांनी मोजला नाही. काकूंच्या मते पाणी दोनच प्रकारचं असतं, स्वच्छ आणि घाण.

मोठ्या टाक्या रिकाम्या झाल्या, लाल मासा तेवढा राजासारखा एकटा उरला, त्याच सुमारास जोडप्याने पाणी कोमट ठेवणाऱ्या हीटरच्या नळीवर अंडी घातली. समोर मिक्सर घरघरत होता, भांडी आपटत होती, तळणीचा धूर थेट टाकीवर जात होता. आणि इथे, असल्या बाजारात, त्यांनी अंडी खाल्ली नाहीत.

"अहो," काकूंनी हाक मारली, "इथे काहीतरी वळवळतंय."

साहेब धावत आले आणि उंबऱ्याशी कचकन थांबले, कारण काकूंनी लाटण्यासारखा हात आडवा धरला होता. तिथूनच त्यांनी मान लांब केली. नळीवर शेपट्यांचं रान हलत होतं. आणखी काही दिवसांनी पिल्लं सुटी झाली आणि आईबापांच्या अंगाला धुळीसारखी चिकटली. साहेब रोज उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसू लागले.

"हे काय करतात चिकटून?" काकूंनी विचारलं.

"त्यांच्या अंगावर साय धरते. ती खातात. दुधासारखं असतं ते."

"पण ती तर बापाच्याही अंगावर आहेत."

"बापही पाजतो. मादी दमली की अंग झटकून पिल्लं त्याच्याकडे ढकलते."

काकूंनी वळून साहेबांकडे पाहिलं. लेक लहान असताना रडायला लागली की हा माणूस बिस्किटांचा अहवाल घेऊन गॅलरीत जायचा. साहेबांनी नजर खाली घातली, आणि संध्याकाळी लेकीला आपणहून फोन केला. तुझ्या खोलीतल्या टाक्या विकतोय, म्हणाले. ती म्हणाली, "बाबा, तब्येत बरी आहे ना?"

टाक्या धुऊन, वाळवून विकायच्या तर लाल माशाचं काय करायचं? साहेब तो पिशवीत घेऊन दुकानात गेले. पैसे मिळावेत अशी अपेक्षा नव्हती, घरातून जावा एवढंच. दुकानात एक तरुण जोडपं नवी टाकी भरायला आलं होतं. पिशवीतला रंग बघून मुलगी जवळ आली.

"बघा, नशीब लागतं!" प्रोफेसर दोघांना म्हणाला. "साहेबांकडचा मासा म्हणजे डोळे मिटून घ्यावा."

साहेबांना काहीच बोलायचं नव्हतं. पिशवी काउंटरवर ठेवायची आणि निघायचं, इतकं सोपं होतं. प्रोफेसरने हात पुढेही केला होता.

"हा घेऊ नका," साहेब मुलीला म्हणाले. "याने माझे सगळे मासे मारले. याने म्हणजे मीच. याला वेगळा न ठेवता सोडला. आणि इथून काहीही नेलंत तरी आधी तो पाइप कुठून कुठे जातो ते बघा."

प्रोफेसरच्या चेहऱ्याचा रंग पिशवीतल्या माशाच्या जवळपास आला. साहेब पिशवी छातीशी धरून बाहेर पडले. मंडळाला त्यांनी रस्त्यातूनच कळवलं की पाण्याच्या शुद्धतेवर बोलायला आपण येणार नाही. अध्यक्षांनी लगेच प्रोफेसरला बोलावलं, आणि ऐकतो ते खरं असेल तर व्याख्यान फार उत्तम झालं.

"परत आणलात?" काकूंनी दार उघडून विचारलं.

"हॉलमध्ये एकटा राहील. त्याची बादली, पाइप सगळं वेगळं."

काकूंनी सोफ्याशेजारी जागा करून दिली, वर टीव्हीचा आवाजही सोडला.

पिल्लं नखाएवढी झाली तेव्हा काकूंचा खांदा धरला आणि तांब्या उचलेना. त्यांनी साहेबांना आत बोलावलं. साहेबांनी हात कोपरापर्यंत दोनदा धुतले, काकूंनी वास घेऊन बघितला, मग परवानगी मिळाली. त्यांनी पाणी बदलायला हात आत घातला मात्र, नर तीरासारखा आला आणि अंगठ्यावर ढुशी देऊन गेला. साहेबांनी हात मागे घेतला नाही. दुसरी ढुशी बसली, तिसरी बसली.

"चावतोय मेला," साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता.

"चावू दे," काकू म्हणाल्या. "पाणी ओता हळूच. आणि ओट्यावर सांडू नका."