दहाव्याला दिलेला शब्द

कावळा येत नव्हता. अमरधामच्या ओट्यावर पिंड मांडून बराच वेळ झाला होता. समोरच्या कडुलिंबावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना.

"काही इच्छा राहिली असेल त्यांची," गुरुजी म्हणाले. "जवळच्यांनी बोला."

मी एकुलती एक. अग्नी मीच दिला होता, पिंडही मीच ठेवले होते. हात जोडून मी म्हणाले, "बाबा, आईला मी सांभाळीन. काळजी करू नका." या कशावर माझा विश्वास नाही. तरी सगळ्यांबरोबर मागे सरकून मी वाट पाहिली. कडुलिंबावर एका कावळ्याने चोच फांदीवर घासली आणि मान फिरवली.

माझे वडील शामकांत शाळेत गणित शिकवायचे आणि भिंगारजवळच्या मैदानावर फुटबॉल. नगरच्या बाकीच्या क्लबांत दर वर्षी मुलं बदलत. बाबा मुलगा दहाव्या वर्षी घेत आणि सोळाव्यापर्यंत सोडत नसत. "अकरा चांगली पोरं कुणीही गोळा करेल," ते म्हणत. "एकमेकांच्या पायांची सवय असलेली अकरा लागतात." सवय मोडू नये म्हणून त्यांनी मुलांना मामाच्या लग्नाला जाऊ दिलं नाही, तापात घरी झोपू दिलं नाही आणि माझ्या पदवीदानाला ते स्वतः आले नाहीत. ते जिंकत. शिट्टी वाजेपर्यंत खेळ थांबवायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. गोलच्या जाळीमागे ते कोसळले तेव्हा शिट्टी तोंडातच होती. ती वाजली नाही, म्हणून मुलं खेळत राहिली.

ती मुलं आता माझ्या मागे क्लबच्या निळ्या जर्सीत उभी होती. जर्सी घालून यायला अवधूतने सांगितलं होतं. अवधूत बाबांचा जुना खेळाडू, त्यांच्या हाताखालचा कोच.

"दर्भाचा कावळा करू या," गुरुजी म्हणाले. "ऊन चढलंय."

"थांबा गुरुजी. पोरांना बोलू द्या." अवधूतने कॅप्टनला पुढे केलं.

गोरक्षने घसा साफ केला. "सर, फायनल आम्ही जिंकू."

एक कावळा भिंतीवर उतरला, बसला आणि परत उडून गेला. मागे कुजबुज झाली. मग अवधूत म्हणाला, "हर्षल."

फक्त नाव. पण तिथल्या प्रत्येकाला त्याचा अर्थ ठाऊक होता. हर्षल पाथर्डीकडचा, बाबांचा बचावपटू. त्याचे आईवडील दर वर्षी ऊस तोडायला जातात आणि तोही जायचा. बाबांनी त्याला कुठल्याशा शाळेच्या स्पर्धेत पाहिलं आणि घरी आणलं. मी पुण्याला गेल्यापासून रिकामी असलेल्या माझ्या खोलीत तो पाच वर्षं राहत होता. उन्हाळ्यात पुण्याच्या एका निवासी अकादमीने त्याला निवडलं. राहणं, जेवण, शाळा, खेळ, सगळं तिथे. क्लबने सोडल्याचं तेवढं कळवायचं होतं. बाबा म्हणाले होते, फायनल झाली की. अकादमी जागा दसऱ्यापर्यंतच राखणार होती आणि फायनल दसऱ्यानंतर होती.

हर्षलचे वडील कानिफनाथ नळापाशी टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी मुलाकडे पाहून मान हलवली. नको, अशी. हर्षलने ती पाहिली की नाही, मला कळलं नाही.

"सर, मी टीम सोडून जाणार नाही."

आम्ही मागे सरकायच्या आतच कावळा आला. त्याने पहिला पिंड फोडला आणि मग दुसऱ्यावर गेला. "बघा," मागून कुणीतरी म्हणालं. आई त्या दहा दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडली. मुलांनी हर्षलच्या पाठीवर थापा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कानिफनाथ घरी आले. खुर्ची दिली तरी उंबऱ्याजवळच टेकले.

"ताई, तुमी एक शब्द टाका. पोरगं हाय त्ये. समद्यांनी मिळून वदवून घेतलं."

"मी अवधूतशी बोलते."

"आन पोराशी बी बोला. माझं ऐकत न्हाई. म्हणतो, सर अडकून पडतील."

संध्याकाळी मी मैदानावर गेले. क्लबचं खातं आता अवधूतच्या मोबाईलमध्ये होतं, सोडल्याची नोंद त्यातूनच व्हायची. मी त्याला ती करायला सांगितली. तो सरावाचे शंकू उचलत होता, थांबला नाही.

"अपूर्वा, तुझ्यासमोर झालंय. अख्ख्या गावाने पाहिलं."

"कावळ्याला भूक लागली होती, अवधूत."

"मग तसं आईंना सांग." तो हसला. "आणि समज सोडला. मागे कोण उभं राहणार? पाच वर्षांची जोडी आहे गोरक्षची आणि त्याची. सरांनी बांधलेली टीम तेराव्याच्या आत मोडू?"

"बाबा गेलेत."

"म्हणून तर," तो म्हणाला आणि त्याने शिट्टी वाजवून मुलांना गोळा केलं.

हर्षल माझ्या खोलीत कॉटवर बसून बुटांची नाडी ओवत होता. भिंतीला माझी पुस्तकं अजून तशीच होती, त्यांच्यावर त्याचे मोजे वाळत होते. मी शेजारी बसले आणि समजावलं. काल सकाळपासून माणसं ओट्याला खेटून उभी होती, तू बोललास तोवर गर्दी पांगत आली होती, ऊन चढलं होतं, पाखरं भुकेली होती. कुणी अडकत नाही. बाबा तर नाहीच अडकणार. तू जा.

त्याने नीट ऐकून घेतलं. बाबांनी त्याला मोठ्यांचं ऐकून घ्यायला शिकवलं होतं.

"ताई, तुम्ही बोललात तेव्हा का नाही आला मग?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि आईला भाजी निवडू लागले.

दसरा गेला. हर्षलच्या जागी दुसऱ्या कुणाला तरी घेतल्याचं अकादमीने कळवलं. त्याने तो निरोप वाचला, मोबाईल आईला परत दिला आणि सरावाला गेला.

फायनल आम्ही एक-शून्यने जिंकलो. शेवटी शेवटी समोरच्यांचा एक फटका गोलकीपरच्या हातावरून जाळीत निघाला होता. हर्षलने तो रेषेवर छातीने अडवला आणि पडल्या पडल्या पायाने बाहेर काढला. मी बाबांच्या जागी, जाळीमागे उभी होते. तो उठला तेव्हा त्याने पाहुण्यांकडे नाही, आभाळाकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या. अवधूतला मुलांनी खांद्यावर घेतलं. कप आमच्या घरी आणून बाबांच्या फोटोपुढे ठेवला, पेढे वाटले, आणि कप परत क्लबमध्ये गेला.

त्या आठवड्यातच अवधूत घरी आला. पेढे त्यानेही आणले होते. पुण्याच्या अकादमीने त्याला कोच म्हणून बोलावलं होतं. त्याच अकादमीने.

"जिंकणारी टीम बघतात ते," तो आईला म्हणाला. "सगळं सरांचंच."

आईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले.

"आणि मुलं?"

"गोरक्षला नेतोय. अजून दोघं आहेत. बाकीचे बघतील कुठेतरी. क्लब चालवायला आहे कोण?"

"गोरक्ष जाणार?"

"त्याने जिंकू म्हटलं होतं. जिंकला."

"मग हर्षललाही ने."

"तिथे बचावाची जागा भरली आता." तो चप्पल पायात सरकवत होता. "आणि तसंही, त्याला मी कोणत्या तोंडाने नेऊ? दहाव्याला बोललाय तो. लोक तोंडात शेण घालतील."

हे तो अगदी मनापासून म्हणाला.

दिवाळी झाली की पाथर्डीतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मी आईला पुण्याला न्यायचं ठरवलं होतं. घर बंद होणार होतं. कानिफनाथ मुलाला न्यायला आले ते थेट खोलीतच गेले आणि पत्र्याची पेटी उचलून बाहेर आले. मी म्हणाले, हर्षल आमच्याबरोबर पुण्याला येऊ दे, दहावी तरी होईल, तिथे खेळेलही कुठेतरी.

"आता पुरं झालं, ताई. सरांनी जितेपनी धरला, मेल्यावर बी सोडला न्हाई. आता माझा मला द्या." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याच्या आईची कंबर गेली. मुकादमाला सांगितलंय, अर्धा कोयता धरलाय त्याचा."

नवरा-बायको मिळून तोडीला एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा.

मी हर्षललाच विचारलं. वाटलं होतं, आता तरी हो म्हणेल.

"पुण्याला आलो तर सोडल्यासारखंच झालं ना, ताई."

"काय सोडल्यासारखं? टीम कुठे आहे आता? सगळे गेले."

"मी आहे ना अजून." त्याने हिशेब आधीच केलेला दिसला. "मीबी गेलो की मोडलीच मग."

"आणि उसाला जातोस ते?"

तो हसला. शहरातल्या माणसाला साधी गोष्ट माहीत नसावी, तसा. "उसाला गेलेला माणूस गेला असं कुणी धरत नाही. परत येतोच की. गुढीपाडव्याला मी इथं असेन."

आईने त्याला फराळाचा डबा दिला. तो आईच्या पाया पडला, मग फोटोच्या. बाहेर जीपमध्ये कानिफनाथ आधीच बसले होते. फाटकाशी तो थांबला.

"पाडव्यापासून सराव किती वाजता असेल?"

मी म्हणाले, "नेहमीच्याच वेळेला."